पेसमेकर आहे आणि मानेचा एमआरआय करायचाय?

अपॉइंटमेंट घेतानाच पेसमेकरचं कार्ड दाखवा. नुसता पेसमेकर एमआरआय-कंडिशनल (ठरलेल्या अटी पाळून एमआरआय करता येणारा) असून भागत नाही. लीड, म्हणजे पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारा, याही तशाच, सहसा त्याच कंपनीच्या लागतात. छातीत जुनी, वापरात नसलेली लीड राहिली असेल तर आवर्जून सांगा, कारण रेडिओलहरींनी लीडचं टोक तापू शकतं. मानेच्या स्कॅनमध्ये लीड मशीनच्या मध्याजवळ येतात. म्हणून काही जुन्या मॉडेलांना मानेपासून छातीपर्यंतचे मणके मशीनच्या मध्यावर घ्यायला मनाईच होती. स्कॅनआधी प्रोग्रामर या यंत्राने पेसमेकरला एमआरआय मोड (स्कॅनपुरती सेटिंग) लावतात, आयसीडी (गरज पडल्यास हृदयाला शॉक देणारं, शरीरात बसवलेलं उपकरण) असेल तर शॉक बंद ठेवतात. अशा वेळी ईसीजी, ऑक्सिमीटर चालू आणि डीफिब्रिलेटर (बाहेरून शॉक देणारं यंत्र) हाताशी हवाच. नंतर सेटिंग पूर्ववत केल्याची खात्री करूनच निघा. घाईत नेमकं तेच राहून जाऊ शकतं.