अनेक सर्व्हरांवर पसरलेला दोष कसा शोधावा

एका संगणकावरचा प्रोग्राम बंद पडला, तर तो कोणत्या ओळीवर थांबला हे बहुधा समजते. अनेक सर्व्हर नेटवर्कवरून एकमेकांना संदेश पाठवत काम करतात तेव्हा मात्र चूक एका ठिकाणी होते आणि तिचा परिणाम भलत्याच ठिकाणी, बऱ्याच वेळाने दिसतो. अशा वितरित प्रणालीत शोधाची सुरुवात कोठून करावी, याचे बऱ्यापैकी ठोस उत्तर टोरोंटो विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दिले. कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, हडूप मॅपरिड्यूस आणि रेडिस या डेटा साठवणाऱ्या किंवा त्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रणालींमधील, वापरकर्त्यांनी कळवलेले १९८ बिघाड त्यांनी तपासले. पुढील पद्धत मुख्यतः त्यांच्याच निष्कर्षांवर बेतलेली आहे.

बिघाड लक्षात येताच सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो, आणि ग्राहक खोळंबले असतील तर तो टाळताही येत नाही. परंतु त्याआधी प्रत्येक नोडवरील (म्हणजे प्रणालीतील प्रत्येक सर्व्हरवरील) लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, आणि कॉन्फिगरेशन (प्रणालीची मांडणी ठरवणाऱ्या) फायलींची प्रत बाजूला काढून ठेवावी. अभ्यासलेल्या बिघाडांपैकी ८४ टक्के बिघाडांत, त्यांना कारणीभूत ठरलेली प्रत्येक घटना लॉगमध्ये नोंदलेली होती. म्हणजे पुरावा बहुतेक वेळा हाताशी असतो. अडचण असते ती नोंदींच्या ढिगाऱ्यातून तो वेगळा काढण्याची.

या नोंदी जुळवताना केवळ वेळेच्या शिक्क्यावर भरवसा ठेवू नये. दोन सर्व्हरांची घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे संदेश पाठवण्याआधीच तो पोहोचल्याचे लॉगमध्ये दिसू शकते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली यावर साधा उपाय सुचवला. प्रत्येक प्रक्रियेने (चालू असलेल्या प्रोग्रामने) स्वतःचा एक क्रमांक ठेवावा, प्रत्येक घटनेला तो वाढवावा आणि संदेशासोबत पाठवावा. संदेश घेणाऱ्याने स्वतःचा क्रमांक आणि आलेला क्रमांक यांपैकी मोठा निवडून त्यात एक मिळवावा. यामुळे कारणाचा क्रमांक परिणामाच्या क्रमांकापेक्षा नेहमी लहान राहतो. उलट अनुमान मात्र काढू नये, कारण क्रमांक लहान आहे एवढ्यावरून ती घटना कारण ठरत नाही. प्रणालीत असा क्रमांक नसेल, तर निदान प्रत्येक विनंतीला एक ओळख-क्रमांक देऊन तो सर्व सेवांच्या लॉगमध्ये उमटेल अशी सोय करावी.

घटनांचा क्रम हाती आला की बिघाड पुन्हा घडवून पाहावा. त्यासाठी मूळ क्लस्टरएवढा (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटाएवढा) मोठा क्लस्टर लागतो ही समजूत सोडून द्यावी: ९८ टक्के बिघाड तीन किंवा त्याहून कमी नोडांवर घडवता येण्याजोगे होते. मात्र बहुसंख्य बिघाडांना एकाहून अधिक घटना लागतात आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. त्यामुळे सेवा सुरू करणे, डेटा लिहिणे, एखादा नोड संपर्काबाहेर जाणे, कॉन्फिगरेशन बदलणे, नवा नोड जोडणे या घटना निरनिराळ्या क्रमाने घडवून पाहाव्यात. एका वेळी एकच घटना तपासणाऱ्या चाचण्यांतून असे दोष सहज निसटतात.

माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा तो त्रुटी हाताळणाऱ्या कोडला. सर्व किंवा बहुसंख्य वापरकर्त्यांना फटका देणाऱ्या गंभीर बिघाडांपैकी ९२ टक्क्यांच्या मुळाशी, प्रणालीने स्वतः स्पष्टपणे कळवलेली, मुळात प्रणाली बंद पाडण्याइतकी गंभीर नसलेली त्रुटी चुकीच्या रीतीने हाताळली जाणे हे कारण होते. कॅच-ब्लॉक (त्रुटी आल्यावर चालणारा कोडचा तुकडा) रिकामा आहे का, त्यात केवळ लॉगची एक ओळ लिहून पुढे जाणे आहे का, ‘हे नंतर करू’ अशा अर्थाची टिप्पणी तशीच राहिली आहे का, आणि वाटेल ती त्रुटी एकाच जाळीत पकडून संपूर्ण क्लस्टर बंद केला जात आहे का, हे एकेक करून पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच कोड-परीक्षणात हा भाग वाचलाच जात नाही. अशाच काही नियमांवरून या संशोधकांनी ‘ॲस्पिरेटर’ नावाचे तपासणी-साधन तयार केले आणि नऊ प्रणालींच्या कोडवर चालवले, तेव्हा विकसकांनी मान्य किंवा दुरुस्त केलेले १४३ दोष आणि वाईट प्रघात हाती लागले.

तरीही सुमारे चतुर्थांश बिघाड घटनांचा क्रम जुळवूनही हमखास घडत नाहीत, कारण ते वेळेच्या सूक्ष्म फरकावर अवलंबून असतात. तेथे संशयित संदेशाला मुद्दाम विलंब लावावा, नेटवर्कचे दोन तुकडे करावेत किंवा लिहिण्याच्या मध्येच प्रक्रिया मारावी. काइल किंग्सबरी यांचे ‘जेप्सेन’ हे साधन असे अडथळे आणून डेटाबेस आपली आश्वासने पाळतो का, हे तपासते. दोष सापडल्यावर दुरुस्तीआधी तो दाखवणारी चाचणी लिहावी. अभ्यासातील ७७ टक्के बिघाड युनिट टेस्टमध्येही (कोडचा एखादा छोटा भाग सुटा तपासणाऱ्या चाचणीतही) घडवता येण्याजोगे होते, त्यामुळे ती चाचणी बहुधा एकाच संगणकावर, दररोजच्या बिल्डसोबत (कोडपासून प्रोग्राम तयार करतानाच) चालवता येते.