फोल्डर माझंच, पण आत जाता येईना!

काकांचा केळीचा हिशोब माझ्या उबुंटूवर (लिनक्सवाला कॉम्प्युटर) असतो, जळगावला. परवा जुन्या डिस्कवरनं सगळं सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं) कॉपी केलं तर फाईल उघडते पण सेव्ह होत नाही, परमिशन डिनाइड, म्हणजे परवानगी नाही. एलएस -एल (फाईलींची यादी, मालकासकट) मारलं तर मालक रूट, म्हणजे अ‍ॅडमिन! मग घाईत कुठंतरी ऐकलेलं सुडो सीएचमॉड -आर ६४४ अख्ख्या फोल्डरवर चालवलं (सीएचमॉड परवानग्या बदलतं, -आर मधला आर कॅपिटल, म्हणजे आतल्या सगळ्यावर; ४ वाचणं, २ लिहिणं, १ चालवणं, यांची बेरीज करायची, पहिला आकडा मालकाचा, मग ग्रुप, मग बाकी सगळे) आणि आता तर आतच जाता येईना, एलएसमध्ये नावांपुढं नुसती प्रश्नचिन्हं. काका म्हणे, "का रे भो, हिशोब गेला का?"

नंतर कळलं, फोल्डरवरचा १ म्हणजे आत शिरायची परवानगी, तीच मी काढलेली. आधी सुडो सीएचओन -आर करून मालकी माझ्या नावावर घेतली, मग सीएचमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स (यू मालक, जी ग्रुप, ओ बाकी सगळे; आर वाचणं, डब्ल्यू लिहिणं, एक्स चालवणं), बरोबरच्या चिन्हापुढचा एक्स मात्र दोन्हीकडं कॅपिटल हां, म्हणजे तो फोल्डरांना लागतो, साध्या फाईलींना नाही. ७७७ चा, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी द्यायचा मोह झालेला, पण मग कुणीही हिशोब बदलला असता ना. उघडल्या उघडल्या काकांनी क्विंटलचा नवा भाव टाकायला सांगितला.