कॅव्हिटी म्हणजे दाताची नव्हे

पीएच.डी.ला लागले तेव्हा काकांनी विचारलं, "कायच्यावर करून रायली तू?" मी म्हटलं, कॅव्हिटीवर. "म्हंजे दाताची डाक्टरीण होते का आता?" आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात हा प्रश्न अजूनही निघतो. आता मी सरळ पाण्याच्या गुंडाचं, म्हणजे घागरीसारख्या भांड्याचं उदाहरण देते. नळाखाली गुंड भरायला लावून आई पाठमोरी भांडी घासत असते, तरी गुंड भरत आला की तिला बरोबर कळतं. पाणी चढतं तशी वरची हवेची पोकळी लहान होते आणि आवाज बारीक होत जातो. पोकळीच्या आकारावर कोणता तरंग तिच्यात घुमेल हे ठरतं. माझं सगळं काम याच गोष्टीचं गणित आहे, फक्त गुंडाच्या जागी धातूची पोकळी आणि आवाजाच्या जागी रडारचा तरंग.

लढाऊ विमानाच्या इंजिनाचं तोंड ही अशीच एक पोकळी. रडारचा तरंग आत शिरतो, भिंतींवर आपटत तळापर्यंत जातो आणि पुन्हा तोंडातून बाहेर फेकला जातो. विमान रडारवर किती ठळक दिसेल, यात या तोंडाचा वाटा मोठा असतो. बाहेर फेकलं जाणं म्हणजे स्कॅटरिंग, शाळेच्या पुस्तकात प्रकाशाचं विकिरण म्हणून येतं तेच. एकाच वारंवारतेचा तरंग घेतला की मॅक्सवेलची समीकरणं, म्हणजे वीज-चुंबकाच्या तरंगांचे नियम, द्विमितीत हेल्महोल्ट्झ या सोप्या तरंग-समीकरणापाशी येऊन थांबतात. बी.एस्सी.ला चल वेगळे करण्याची पद्धत शिकवतात, तीच इथे पहिलं हत्यार.

नवीन पोरापोरींना मी एकच गोष्ट परत परत सांगते: खरी अडचण पोकळीच्या आत नाही, तोंडाशी आहे. आतला भाग चार भिंतींचा, मोजका. बाहेर मात्र अनंत आकाश, आणि संगणकात अनंत मावत नाही. बाहेर गेलेला तरंग परत येऊ नये, ही अट सोमरफेल्डने १९१२ मध्ये गणितात मांडली. ती अट तोंडापाशी आणून कशी बसवायची यावरच पद्धती वेगवेगळ्या होतात. कोणी फूरिए रूपांतर (तरंग साध्या साइन-कोसाइन लहरींत फोडायची रीत) वापरून बाहेरचं सगळं आकाश तोंडावरच्या एका अटीत गुंडाळतात. तिला पारदर्शक सीमा-अट म्हणतात. ही अट पसरलेली असते, म्हणजे तोंडाच्या एका बिंदूवरचा उतार तोंडावरच्या सगळ्या बिंदूंवर अवलंबून असतो. मला पहिले सहा महिने हेच समजलं नव्हतं. दुसरा मार्ग बेरेंजेचा, १९९४ चा: बाहेर एक कृत्रिम थर लावायचा, जो तरंग गिळतो आणि परावर्तित करत नाही. कोड लिहायला हा सोपा, म्हणून नवीन माणूस इकडेच धावतो. धावू नका असं माझं मत. थराची जाडी चुकली तरी उत्तर देखणं येतं आणि चुकलेलं असतं.

मी स्वतः उलट्या टोकानं सुरुवात केली होती. जाळी पाडणारं जीमेश आणि समीकरण सोडवणारं फेनिक्स, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट, त्यामुळे लॅपटॉपवर टाकले, पोकळीची जाळी पाडली, रंगीत चित्र काढलं. मार्गदर्शकांनी विचारलं, "हे बरोबर आहे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी आयताकार खड्डा हातानं सोडवायला सांगितला. आत साइनची मालिका, बाहेर फूरिए, तोंडावर दोन्हींची जुळवणी. कागदावर चार दिवसांत झालं, आणि पायथनमध्ये घातलं तर पडद्यावर नुसतं 'नॅन'. म्हणजे संख्याच नाही.

कारण शोधायला आठवडा गेला, म्हणून तुम्हाला फुकट सांगते. कारणं दोन होती. एक, मी गोल आकडे घेतले होते: तोंडाची रुंदी १ मीटर, तरंगलांबीही १ मीटर. तरंगसंख्या म्हणजे २ पाय भागिले तरंगलांबी, आणि तिचा खोलीच्या दिशेतला भाग म्हणजे उभी तरंगसंख्या. दुसऱ्या पदाची उभी तरंगसंख्या नेमकी शून्य आली आणि भागाकारात शून्याखाली शून्य. दुसरं जास्त छुपं. वरच्या पदांत साइन-कोसाइनची हायपरबोलिक फलनं होतात आणि ती घातांकानं वाढतात. खोली रुंदीच्या दुप्पट असली की ११०-११५ व्या पदाच्या आसपास आकडा संगणकाच्या मर्यादेबाहेर जातो आणि अनंताला अनंतानं भागणं सुरू होतं. उपाय एका ओळीचा: दोन्ही फलनं वेगवेगळी काढू नका, त्यांचं गुणोत्तर थेट लिहा. ते शांतपणे १ या आकड्याकडे जातं. त्यानंतर हातची मालिका आणि जाळीची पद्धत तीन दशांशांपर्यंत जुळली, तेव्हा कुठे मी ते रंगीत चित्र परत उघडलं.

मोठ्या वारंवारतेला खरं दुखणं सुरू होतं. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटिमीटर. एका तरंगलांबीला १० बिंदू धरले, तर १ मीटर रुंद आणि २ मीटर खोल पोकळीला द्विमितीत २ लाखांवर बिंदू लागतात, आणि चौरस तोंडाची त्रिमितीय पोकळी घेतली तर ७ कोटींवर. त्यातही दहा बिंदूंचा नियम पुरत नाही. तरंगसंख्या वाढली की तरंगाच्या कलेतली (फेजमधली) चूक साठत जाते. तिला प्रदूषण म्हणतात. बाबुश्का आणि साउटर यांनी १९९७ मध्ये दाखवलं की दोन किंवा जास्त मितींत हे प्रदूषण पूर्ण टाळता येत नाही. (गावी सुटीत असताना मी असाच मोठा हिशेब रात्रभर लावला होता. पहाटे लाइन गेली, बॅटरी मेली. तेव्हापासून दर काही मिनिटांनी निकाल फाइलमध्ये टाकते.)

आता परीक्षांचं. बी.एस्सी.नंतर बाहेर पडायचं असेल तर आयआयटींची जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा द्या. माझी पहिल्यांदा गेली, दुसऱ्यांदाही गेली, एम.एस्सी. नागपुरातच केली आणि त्यानं काही बिघडलं नाही. वास्तव विश्लेषण कच्चं होतं ते मात्र नेटच्या, म्हणजे संशोधन फेलोशिपच्या परीक्षेच्या वेळी भरून काढावं लागलं. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा होते. त्यात फेलोशिप लागली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. हा आकडा घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे "लग्नाचं काय" च्या आधी थोडा वेळ मिळतो. संमिश्र विश्लेषण आणि आंशिक विकल समीकरणं पक्की करा. एनपीटीईएल या संकेतस्थळावर व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजीची भीती माझी एका वर्षात गेली, कारण गणिताच्या लेखातले शब्द तेच ते असतात. शिकवण्याखेरीज अँटेना, रडार, गाड्यांच्या सायलेन्सरची ध्वनिकी, अल्ट्रासाउंड तपासणी इथेही हेच गणित चालतं.

सुरुवातीला हे करून पाहा. तोंड १ मीटर, खोली २ मीटर, तरंगलांबी ०.७ मीटर, भिंती धातूच्या, विद्युतक्षेत्र भिंतींना समांतर. तरंगसंख्येचा वर्ग ८०.५७ येईल. त्यातून पाय गुणिले पदाचा क्रमांक, याचा वर्ग वजा करा. पहिल्या पदाची उभी तरंगसंख्या ८.४१, दुसऱ्याची ६.४१. तिसऱ्याला वजाबाकी ऋण जाते, वर्गमूळ काल्पनिक येतं, २.८७. म्हणजे फक्त दोन पदं तळापर्यंत पोचतात. तिसरं तोंडाशीच विझू लागतं आणि २ मीटर खाली त्याचे हजारात तीनच भाग उरतात. आता हाच खड्डा आवाजासाठी करा. भिंत कडक असली की साइनऐवजी कोसाइन येतं आणि शून्यावं पदही जिवंत राहतं. त्याला कोणतीही वारंवारता अडवत नाही. आमच्या विहिरीत कितीही खर्जात हाक मारा, ती पाण्यापर्यंत जातेच.