अटॅकनंतरचा इको: आधी खरं टोक गाठा

जळगाव-धुळ्याकडे इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) खोलीत नव्याने बसलेल्यांसाठी हे लिहितोय. व्ह्यू, सेगमेंट (भिंतीचे भाग) आणि भिंतीच्या हालचालीचा स्कोअर (नॉर्मल १, हायपोकायनेटिक म्हणजे कमी हलणारी २, एकायनेटिक म्हणजे न हलणारी ३, डिस्कायनेटिक म्हणजे उलट फुगणारी ४) येतात असं धरतो.

नवखा फसतो तो फोरशॉर्टनिंगमध्ये. प्रोब एक फासळी वर बसला की एलव्ही (हृदयाचा डावा खालचा कप्पा) तिरका कापला जातो. मग स्क्रीनवर टोक गोल, जाड आणि झकास आकुंचन पावणारं दिसतं. ते टोक नसतंच, बाजूची भिंत असते. एलएडी (हृदयाची पुढची धमनी) बंद पडून मार बसलेला एपेक्स, म्हणजे खरं टोक, असा डोळ्यांदेखत निसटतो, ईएफ (दर ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताची टक्केवारी) फुगतो आणि तिथली गुठळीही हुकते. खरं टोक पातळ असतं आणि सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावताना) जवळजवळ जागेवरच राहतं. ते झपकन खाली व्हॉल्व्हकडे येताना दिसलं तर तुमचा व्ह्यू चुकला. फोर चेंबर आणि टू चेंबर या दोन व्ह्यूंमधली एलव्हीची लांबी ताडून बघा. १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सिम्प्सन (या दोन व्ह्यूंवरून ईएफ मोजायची पद्धत) करूच नका. पेशंट डाव्या कुशीवर पुरता वळवा, प्रोब एक फासळी खाली आणि थोडा बाहेर न्या. बिडीने फुफ्फुसं फुगलेले म्हातारबाबा असतील तर "बाबा, श्वास सोडा, आता थांबा" म्हणा आणि तेवढ्यात लूप (छोटी चित्रफीत) पकडा. खिडकी (फासळ्यांमधून हृदय नीट दिसेल अशी जागा) मिळायला वेळ लागतो, सगळ्यांनाच लागतो. घाबरू नका.

सरांकडून शिकताना स्क्रीन कमी आणि त्यांचा हात जास्त बघा. मशीनने आपोआप काढलेल्या ऑटो ईएफवर माझा विश्वास नाही. चुकीच्या व्ह्यूवरही ते आकडा तितक्याच बिनधास्त देतं.

भिंत हलते का, यापेक्षा जाड होते का ते बघा. मेलेला भाग शेजारच्या जिवंत स्नायूच्या ओढीने हलतो, जाड मात्र होत नाही. एलबीबीबी (डाव्या बाजूच्या विद्युत वाटेतला अडथळा) असेल तर सेप्टम (दोन कप्प्यांमधला पडदा) उलटसुलट हलेल, पण जाड होत असेल तर तो इन्फार्क्ट (अटॅकने मेलेला भाग) मानू नका. भिंत ६ मिलिमीटरपेक्षा पातळ आणि चकाकणारी असेल तर बहुधा जुना व्रण. जाडी शाबूत असून हालचाल नसेल तर स्नायू नुसता गारठलेला (जिवंत, पण तात्पुरता थिजलेला) असू शकतो. दुसऱ्या दिवशीचा ३५ ईएफ पाहून नातेवाइकांना हवालदिल करू नका, दीड महिन्याने पुन्हा बघा.

धडगाव-अक्कलकुव्याकडून दोन दिवस उशिरा आलेल्या पेशंटला स्टेथोस्कोप लावल्याशिवाय प्रोब लावू नका. नवा मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) असेल तर सेप्टमवर कलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा डॉप्लर) टाका: अँटेरियर (पुढच्या भिंतीच्या) अटॅकमध्ये भोक टोकाकडे, इन्फेरियरमध्ये (खालच्या भिंतीच्या) बुडाशी. तिथे नसेल तर मायट्रल व्हॉल्व्ह बघा. या व्हॉल्व्हला धरून ठेवणाऱ्या मागच्या पॅपिलरी स्नायूला बहुतेकदा एकाच धमनीचं रक्त मिळतं, म्हणून तुटतो तो बहुधा तोच. इन्फेरियरमध्ये आरव्ही (उजवा खालचा कप्पा) सोडू नका; टॅप्सी (त्याच्या आकुंचनाचं माप) १७ मिलिमीटरखाली असेल आणि प्रेशर पडलेलं असेल तर नायट्रेट द्यायच्या आधी वॉर्डात फोन गेला पाहिजे. रिपोर्ट नंतर टाइप करा.