उजव्या विचारांच्या उमेदवाराच्या भूमिका तपासायच्या कशा? नाशिकच्या मतदारासाठी

आधी मतदारसंघ नक्की करा. हे अनेकांना वाटतं तेवढं सोपं नाही. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत आणि त्यांच्या सीमा तालुक्यांच्या सीमांवरून जात नाहीत. लासलगाव निफाड तालुक्यात आहे, पण विधानसभेला ते येवल्यात मोडतं. त्र्यंबकेश्वरचा मतदार इगतपुरीच्या उमेदवाराला मत देतो. शहरातले लोक नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली यांत हमखास गोंधळतात. मतदार यादीत भाग क्रमांक पाहून खात्री केली नाही, तर शेजारच्या मतदारसंघातल्या उमेदवाराचं पत्रक अभ्यासण्यात आठवडा जातो.

आता पत्रक हातात घ्या. उमेदवार स्वतःला हिंदुत्ववादी म्हणवो, राष्ट्रवादी विचारांचा म्हणवो किंवा नुसता ‘संस्कृती जपणारा’, उजव्या विचारांत साधारण तीन धागे असतात: परंपरा आणि धर्म, मोकळा बाजार व कमी कर, कडक कायदा-सुव्यवस्था. व्यासपीठावर हे तिन्ही एकाच दमात येतात. कारभारात मात्र ते एकमेकांना आडवे जातात, आणि उमेदवाराची खरी भूमिका त्या आडव्या जागीच कळते. म्हणून पत्रकातला प्रत्येक मुद्दा वेगळा तपासण्यापेक्षा दोन मुद्दे शेजारी ठेवून प्रश्न विचारा.

त्याआधी एक चाळणी लावा. एका वहीत तीन रकाने आखा: केंद्राचा विषय, राज्याचा विषय, दोघांचा. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत हीच वाटणी आहे. पोलीस, शेती, पाणी, जमीन, दारू, बाजार, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था राज्याकडे. विवाह-वारसा कायदे, शिक्षण, वीज आणि जंगलं सामाईक सूचीत. परदेश व्यापार आणि सीमाशुल्क केंद्राकडे. पत्रकातलं प्रत्येक वाक्य या रकान्यांत टाका. जे कुठेच बसत नाही, उदाहरणार्थ ‘संस्कृतीचं रक्षण करू’, ती भूमिका नव्हे. त्यावर वेळ घालवू नका.

आपल्याकडे ही चाळणी सगळ्यात आधी कांद्यावर लावावी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवून ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि पुन्हा ४० टक्के शुल्क, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. हे सगळे निर्णय दिल्लीचे. ‘निर्यातबंदी होऊ देणार नाही’ असं आमदारकीचा उमेदवार म्हणाला, तर त्याच्या हातात ठराव आणि शिष्टमंडळ यापलीकडे काही नाही. त्याच्याच पक्षाचं सरकार दिल्लीत असेल आणि शहरात भाव चढले, तर तो कोणाच्या बाजूने जाहीरपणे बोलेल, एवढं विचारा.

बाजार समिती मात्र राज्याच्या हातात आहे, आणि मोकळ्या बाजाराची भाषा करणाऱ्याला तिथेच धरायचं. मुख्य कायदा १९६३ चा. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त झाला आणि आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. त्यामुळे ‘शेतकऱ्याला कुठेही विकायचं स्वातंत्र्य देऊ’ ही घोषणा कांद्याच्या बाबतीत बरीचशी जुनी आहे. पुढचा प्रश्न असा टाका: हमाली, तोलाई आणि लेव्ही (मजुरीवर माथाडी मंडळाकडे भरायची जादा रक्कम) यांचं काय करणार? माथाडी, म्हणजे ओझी उचलणारे कामगार, यांचा कायदा १९६९ चा. याच वादावरून एप्रिल २०२४ मध्ये जिल्ह्यातल्या बाजार समित्यांतले कांदा लिलाव बंद पडले होते. व्यापारी म्हणतात लेव्ही देणार नाही, माथाडी म्हणतात कायद्याने ती आमची, आणि शेतकऱ्याला काटापट्टीवरची कपात नको आहे. तिघेही मतदार. ‘सर्वांना न्याय देऊ’ असं उत्तर आलं, तर वहीत ‘उत्तर नाही’ लिहा.

दारूचा मुद्दा नाशिकमध्ये खास रंगतो. परंपरावादी उमेदवाराला दारूबंदीची भाषा जवळची, पण दिंडोरी-निफाडकडचा द्राक्ष उत्पादक वाइनरीला माल घालतो. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय तेव्हाच्या मंत्रिमंडळाने घेतला. त्यावर संस्कृतीचं कारण देऊन राज्यभर विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. उमेदवार तेव्हा काय बोलला होता, हे जुन्या बातम्यांत शोधा. मग आज विचारा: वाइन दारू आहे की शेतीप्रक्रिया उद्योग? गल्लीतल्या दुकानासाठी महिलांच्या मतदानाने ‘आडवी बाटली’ करण्याची, म्हणजे दुकान बंद करवण्याची, तरतूद आधीपासून आहे. तिला पाठिंबा देणं आणि वाइनरीच्या परवान्यांना पाठिंबा देणं एकाच वेळी शक्य आहे, पण ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं.

जे आधीच कायदा आहे, तेच आश्वासन म्हणून विकलं जातं. गोवंश हत्याबंदीचं पाहा. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या सुधारणेला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूंची कत्तलही बंद झाली. बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी मात्र २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे ‘बंदी आणू’ याला अर्थ उरत नाही. खरा प्रश्न असा, की भाकड जनावर विकता येत नसेल तर त्याच्या चाऱ्याचा खर्च कोण उचलणार: गोशाळा, सरकार की शेतकरी?

समान नागरी कायद्याबाबत विषय सामाईक सूचीतला. राज्य कायदा करू शकतं, पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. उत्तराखंडने २०२४ मध्ये केला, जानेवारी २०२५ मध्ये लागू केला, आणि अनुसूचित जमातींना त्यातून वगळलं. आपल्या १५ पैकी बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी हे चार मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. सुरगाणा-पेठकडे प्रचार करताना उमेदवार या वगळण्याबद्दल काय म्हणतो आणि पंचवटीत काय म्हणतो, ते जुळवून पाहा.

‘मंदिरं सरकारमुक्त करू’ यावर फक्त एवढंच विचारा: कोणतं मंदिर, कोणता कायदा? राज्यातली बहुतेक देवस्थानं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीत विश्वस्तच चालवतात. पंढरपूर, सिद्धिविनायक, शिर्डी यांना स्वतंत्र कायदे आहेत. त्र्यंबकेश्वरची वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे, तिथे आमदाराची सत्ता फारशी चालत नाही.

पैशाचा प्रश्न सगळे टाळतात. लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये जुलै २०२४ पासून आहेत. काटकसर आणि करकपात बोलणारा उमेदवार ते चालू ठेवणार, वाढवणार की निकष कडक करणार? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन द्यायची का? इथे ‘दोन्ही’ हे उत्तर चालणार नाही. तिसऱ्या बाजूला कोणता खर्च कापणार, ते विचारा.

भाषेचं एक उदाहरण अलीकडचं आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला आणि महिनाअखेरीस मागे घेतला. राष्ट्रीय एकात्मता आणि मराठी परंपरा या दोन्हींचा अभिमान सांगणाऱ्याने त्या तीन महिन्यांत काय लिहिलं, हे त्याच्या जुन्या पोस्टमध्ये सापडेल. पाण्याचंही तसंच. ‘जायकवाडीला थेंबही जाऊ देणार नाही’ म्हणणाऱ्याला २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आणि त्यातली समन्यायी वाटपाची, म्हणजे खोऱ्यातल्या वरच्या-खालच्या धरणांत पाणी वाटून घ्यायची, तरतूद दाखवा. ती बदलणार असेल, तर मराठवाड्यातले त्याच्याच पक्षाचे आमदार सोबत येतील का?

आता कागद. उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावर मिळतं. त्यात गुन्हे, स्वतःचं व जोडीदाराचं पाच वर्षांचं उत्पन्न, स्थावर-जंगम मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी आणि शिक्षण असतं. रकाना कोरा ठेवता येत नाही. काही नसेल तर ‘निरंक’ लिहावं लागतं. लोक एकूण संपत्तीचा आकडा पाहून पान उलटतात. तसं करू नका. स्थावर मालमत्तेतले गट क्रमांक आणि गावांची नावं वाचा, व्यवसायाचा रकाना वाचा, सरकारी कंत्राटांचा तपशील वाचा. जमिनीच्या अकृषिक परवानग्या सोप्या करू म्हणणाऱ्याची जमीन शहराच्या हद्दीलगत असली, तर भूमिका चुकीची ठरत नाही, पण हितसंबंध कळतो. गुन्हे असतील तर ते प्रचारकाळात तीन वेळा वृत्तपत्रात आणि दूरचित्रवाणीवर जाहीर करणं बंधनकारक आहे. बारीक टायपातली ती जाहिरात कापून ठेवा.

आधी आमदार असलेल्याचं कामकाज विधानमंडळाच्या संकेतस्थळावर वाचता येतं. प्रश्नांची संख्या मोजू नका. एका तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराच्या) प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावं असतात. लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या), अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) आणि विधेयकांवरची भाषणं वाचा. माजी नगरसेवक असेल तर महासभेचं इतिवृत्त मागा. २०१८ च्या घरपट्टीवाढीच्या वेळी तो कुठल्या बाजूला होता, हे ‘कर कमी करू’ या ओळीपेक्षा जास्त बोलकं आहे. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं पालिकेत प्रशासक होते. त्या काळातलं नगरसेवकांचं मतदान शोधायला जाऊ नका, ते नाहीच.

आणखी एक अडचण इथे येते. उमेदवाराची वैयक्तिक भूमिका पक्षापेक्षा वेगळी असली, तरी सभागृहात व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, निघाला की पक्षांतरबंदी कायद्यामुळे त्याला पक्षासोबतच मत द्यावं लागतं. म्हणून पक्षाचा जाहीरनामा शेजारी ठेवा. दोन्हींत फरक दिसला, तर त्या मुद्द्यावर जाहीरनामाच खरा धरा. अपक्षाला हे बंधन नाही, पण पाठिंबा कोणाला देणार हे त्याने आधीच सांगायला हवं.

प्रश्न विचारायला जाहीर सभा निरुपयोगी. कोपरा सभा, सोसायटीतली भेट किंवा पदयात्रा बरी. एका वेळी एकच प्रश्न, ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असा. ‘शेतकऱ्यांसाठी काय करणार?’ विचारलंत की दहा मिनिटांचं भाषण मिळतं. ‘लेव्ही व्यापाऱ्याने भरायची की नाही?’ विचारा. उत्तर तारखेसह लिहा आणि दुसऱ्या कुणाला तोच प्रश्न दुसऱ्या भागात विचारायला सांगा. सिडकोत एक आणि गंगापूर रोडला दुसरं उत्तर आलं, तर दोन्ही शेजारी लिहा. कार्यकर्त्याचं उत्तर उमेदवाराच्या नावावर मांडू नका. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो, त्यामुळे राहिलेले प्रश्न त्याच्या दोन दिवस आधीच संपवा. हीच वही समोरच्या उमेदवारासाठीही चालते, रकाने तेच, फक्त आडव्या जागा वेगळ्या.