द्राक्षाची बी आता फ्रीजमध्ये, जूनमध्ये कुंडीत

मार्चमध्ये बाजारात द्राक्षांचे ढीग लागले की परसबागेवाल्यांचा प्रश्न ठरलेला : खाल्लेल्या द्राक्षाची बी लावली तर वेल होईल का? होईल, पण आधी बी सापडायला हवी. थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद हे आपले नेहमीचे वाण बिनबियांचे. त्यांच्या मण्यात बी धरते आणि कोवळेपणीच खुंटते. दाताखाली येणारा तो मऊ तुकडा उगवत नाही. बेंगलोर ब्लू, गुलाबी किंवा रेड ग्लोबचे पूर्ण पिकलेले मणी घ्या. बियांवरचा गर चोळून धुवा, बिया पाण्यात टाका आणि तळाशी बसतील तेवढ्याच ठेवा. तरंगणाऱ्या बहुतेक पोकळ असतात.

पुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच वगळलं जातं. द्राक्ष हे मुळात कडक हिवाळ्याच्या मुलखातलं पीक. गारव्यात आणि ओलाव्यात काही आठवडे काढल्याशिवाय त्याची बी नीट उगवत नाही. बिया ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मिसळून डबीत भरा. मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये, इतपतच ओल हवी. डबी फ्रीजमध्ये अडीच ते तीन महिने राहू द्या. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. आठवड्यातून एकदा उघडून बघा. बुरशी दिसली तर बिया धुवून कोकोपीट बदला. डबीवर वाण आणि तारीख लिहाच, जूनपर्यंत काही आठवत नाही.

जूनच्या सुरुवातीला बिया काढा, एक दिवस पाण्यात भिजवा आणि साधारण 1 सेंटीमीटर खोल पेरा. कोकोपीट, वाळू आणि थोडं गांडूळखत पुरे. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. उगवण एकसारखी होत नाही. काही बिया तीन आठवड्यांत वर येतात, काहींना दोन महिने लागतात, तेव्हा कुंडी घाईने उपसू नका.

कुंड्या पावसात ठेवू नका, हे कळकळीनं सांगतो. कोवळ्या पानांवर पाणी साचून राहिलं की केवडा हा बुरशीचा रोग येतोच, आणि मुळाशी ओल जास्त झाली की रोप बुडाशी कुजून आडवं होतं. ओसरीत किंवा उजेडाच्या खिडकीत ठेवा, वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत हलवा आणि काठीचा आधार देऊन एकच कोंब वर चढवा.

बियांपासूनच्या वेलाला घड यायला तीन वर्षं किंवा जास्त लागतात, आणि फळ आईसारखंच येईल असं नाही. बहुतेक वेळा कमीच उतरतं. पण पुण्याच्या गणेशखिंडीत पांढरी साहेबी या वाणाच्या बियांपासूनच्या रोपांमधूनच चिमा साहेबी हा वाण निवडला गेला, म्हणून हा खटाटोप मला वाया वाटत नाही. ठरावीक चवीचं फळच हवं असेल तर रोपवाटिकेतून कलम आणा. नाहीतर पुढच्या वर्षी खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच रोपावर आवडत्या वाणाची काडी पाचर कलमानं, म्हणजे खोडाला चीर देऊन तीत पाचरीसारखी बसवून, बांधा. काडी निरोगी वेलाची, दोन डोळ्यांची (अंकुरांची) घ्या आणि पट्टी हवा जाणार नाही अशी घट्ट गुंडाळा.