जुनी पैठणी लिलावात देण्याआधी

अमळनेरच्या एका आजींनी पेटीतून मोरपंखी नऊवारी पैठणी काढून माझ्या हातात दिली. "लई जाय माय, आते कोन नेसस?" जुने जरीकाठ विकत घेणारा दारावर येऊन गेला होता. तो काठ-पदर जाळून चांदी काढतो, बाकीची राख होते. म्हणून लिलावासाठी जुन्या पैठण्या शोधत मी गावोगाव फिरते, त्याच्या आधी पोचायला.

हातात आली की आधी पदर उलटा करा. खऱ्या हातमागाच्या पैठणीत रंग एकमेकांत गुंतवून विणलेले असतात, त्यामुळे मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती दुसऱ्या जातीची विणाई. जुनी जरी म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. ती काळवंडते, आणि तो दोष नव्हे. प्लॅस्टिकच्या जरीचा सुटलेला धागा जाळला तर वितळून गोळी होते.

धुऊ नका. माझी पहिली पैठणी मी एका दुकानात ड्रायक्लीनिंगला दिली. काठावरचा सोनेरी रंगच गेला आणि लिलाववाल्यांनी ती परत पाठवली. रफूसुद्धा विचारल्याशिवाय करू नका.

जळगावचा उन्हाळा रेशमाला कडक करतो, पावसाळ्यात कसर लागते. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवा, प्लॅस्टिक नको. घडी दर तीन महिन्यांनी बदला, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर तुटतं.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र कागदावर असते. पॅरिसच्या जुन्या उंची पोशाखांत फॅशनघराचं लेबल असतं, अनेकदा नंबरही. आपल्या लुगड्यावर काहीच नसतं. मग कुणाच्या लग्नातली, कुठून घेतली, हे मालकिणीच्याच शब्दांत लिहून घ्या आणि लग्नाचा फोटो मागा. आजींकडे सासूबाईंचा फोटो निघाला, त्यात हाच काठ! पैठणीवरच्या प्रत्येक भोकाशेजारी मापासाठी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, एकही लपवू नका.

लिलावघराला राखीव किंमत (जिच्या खाली वस्तू विकायची नाही ती), कमिशन आणि विम्याचा खर्च लेखी विचारा. वस्त्र 100 वर्षांहून जुनं असेल तर 1972 चा पुरावशेष (म्हणजे जुन्या वस्तूंचा) कायदा लागू होतो: खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो.

आणि विक्रीतला आजींचा हिस्सा किती, ते पैठणी घरातून बाहेर नेण्याआधीच लिहून त्यांच्या मुलासमोर सही करा.